नगरीच्या तिजोरीचे राखणदार : सर फिरोजशहा मेहता

१८७१ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईतील धोबीतलावावरच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक सभा भरली होती. विषय होता मुंबईच्या म्युनिसिपालिटीच्या सुधारणेचा. निबंध वाचणारा बॅरिस्टर अवघा सव्वीस वर्षांचा होता आणि समोरचा श्रोतृवृंद संतापलेला होता. शहराच्या डोक्यावर कर्ज झाले होते, करांचा बोजा वाढला होता. या साऱ्याचा दोष म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या माथी मारून त्यांचे अधिकार एका समितीकडे सोपवावेत, अशी करदात्यांच्या पुढाऱ्यांची मागणी होती. त्या तरुणाने नेमके उलट प्रतिपादन केले. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती राहू द्यावा. दोष एकाच्या हाती सत्ता असण्यात नसून त्याचा हिशेब डोळ्यांत तेल घालून पाहणारे कोणी नसण्यात आहे. आणि असा हिशेब पाहणारी मंडळी करदात्यांनी स्वतः निवडून दिलेली असावी, असे त्याचे म्हणणे होते. श्रोत्यांनी गलका केला, हुर्यो उडवली. परंतु पुढल्याच वर्षी जो कायदा झाला त्यात त्या निबंधातील पुष्कळसा विचार उतरलेला दिसला. हा तरुण म्हणजे फिरोजशहा मेरवानजी मेहता.

काँग्रेसचे अध्यक्ष, नेमस्तांचे धुरीण, मुंबईचा सिंह अशा नात्यांनी फिरोजशहांचे नाव इतिहासात घेतले जाते. महाराष्ट्रात त्यांची आठवण बहुधा १९०७ च्या सुरतेच्या अधिवेशनापुरती, लोकमान्य टिळकांचे प्रतिपक्षी म्हणूनच निघते. परंतु ज्या एका कामाला त्यांनी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे दिली ते काम याहून पुष्कळच रूक्ष होते. शहराच्या पैशाचा वर्षाचा आराखडा वाचणे, त्यातील प्रत्येक तरतुदीचे कारण विचारणे आणि तो मंजूर अथवा नामंजूर करण्याचा अधिकार लोकनियुक्तांच्या हातून निसटू न देणे, हे ते काम होय.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ मध्ये ते बी. ए. झाले. कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर विशेष लोभ होता. रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी काही हिंदी तरुणांना विलायतेस जाऊन बॅरिस्टर होता यावे म्हणून मोठी देणगी दिली होती. तिच्यासाठी ग्रँट यांनी फिरोजशहांचे नाव सुचविले. त्याप्रमाणे ते लंडनला गेले खरे, पण १८६५ साली मुंबईत शेअरबाजार कोसळला आणि त्यात या उदार दात्याचेही दिवाळे निघाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले होते; त्या पैशाच्या पुरात निघालेल्या बँका आणि कंपन्या युद्ध संपताच पत्त्यांच्या बंगल्यासारख्या ढासळल्या. शिष्यवृत्ती बंद पडली. वडिलांच्या आधारावर फिरोजशहांनी शिक्षण पुरे केले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले. कागदावरचे मोठे आकडे एका रात्रीत कसे शून्यवत होतात, हे त्यांनी ऐन विशीत अनुभवले होते. लंडनच्या वास्तव्यात दादाभाई नौरोजींचा सहवास त्यांना लाभला. हिंदुस्थानचा पैसा कोठे जातो याचा शोध आकड्यांच्या आधारे घेणारा दादाभाईंसारखा दुसरा गुरू त्या काळी मिळणे अशक्यच होते.

ते परतले तेव्हा मुंबई वेगाने वाढत होती, आणि वाढत्या शहराच्या हालअपेष्टाही वाढत होत्या. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे आणि सरकारने नेमलेल्या म्युनिसिपल कमिशनरकडे दिला होता. पहिले कमिशनर क्रॉफर्ड हे अफाट कामाचे गृहस्थ. त्यांनी रस्ते केले, गटारे सुधारली, त्यांच्या नावाने ओळखली गेलेली मोठी मंडई बांधली. मात्र खर्चाला धरबंध राहिला नाही. तो मंजूर करणारे जस्टिस कोणालाच जबाबदार नव्हते. मंडळ मोठे होते, पण फार थोडे सभासद हिशेबाच्या वह्या उघडीत. १८७१ पर्यंत कर्जाचा डोंगर उभा राहिला आणि करदाते खवळले. याच क्रॉफर्डसाहेबांवर पुढे १८८८ मध्ये, मध्य विभागाचे आयुक्त असताना, मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांवरून पुण्यात चौकशी झाली हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. परंतु १८७१ साली फिरोजशहांच्या दृष्टीने प्रश्न क्रॉफर्ड या व्यक्तीचा नव्हताच. त्यांना हटवून बारा जणांची समिती कारभाराला बसवली, तर उधळपट्टी थांबण्याऐवजी तिची जबाबदारी बारा ठिकाणी वाटली जाईल आणि कोणासच जाब विचारता येणार नाही, असे ते म्हणत. काम करणारा एक आणि हिशेब घेणारे अनेक, ही त्यांच्या विचाराची मांडणी होती.

१८७२ च्या कायद्याने मुंबईला ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन मिळाले. त्यांपैकी ३२ करदात्यांनी, १६ जस्टिसांनी निवडावयाचे आणि १६ सरकारने नेमावयाचे होते. जमाखर्चावर नजर ठेवण्यासाठी बारा जणांचे टाउन कौन्सिल झाले. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा. म्हणजे त्याच्या दहा वर्षे आधीच मुंबईत निम्मे सभासद करदात्यांच्या मतांनी येऊ लागले होते. नव्या कॉर्पोरेशनमध्ये फिरोजशहा आरंभापासूनच दाखल झाले. १८८४ आणि १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे आणि पुन्हा १९०५ मध्ये ते तिचे अध्यक्ष होते. परंतु अध्यक्षपद असो वा नसो, सभागृहात त्यांच्या शब्दाला जे वजन होते ते दुसऱ्या कोणाच्याही नव्हते.

हे वजन केवळ वक्तृत्वाचे नव्हते. कॉर्पोरेशनचे अंदाजपत्रक म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाडीघोड्यांवरील कर, जकात, मैला वाहून नेण्यासाठी घेतला जाणारा हलालखोर कर अशा जमेच्या बाबी आणि दुसऱ्या बाजूला रस्ते, दिवाबत्ती, गटारे, पाणी, दवाखाने, शाळा आणि कर्जावरील व्याज अशा खर्चाच्या बाबी. हे कागद वाचावयास कंटाळवाणे असतात, म्हणून पुष्कळ सभासद शेवटचा आकडा तेवढा पाहतात. फिरोजशहा पहिल्यापासून वाचीत. वकिलीच्या कामासाठी त्यांना मुंबईबाहेर, गुजरात-काठेवाडच्या बाजूला, वारंवार जावे लागे. तरी कॉर्पोरेशनच्या महत्त्वाच्या सभा चुकवू नयेत असा त्यांचा कटाक्ष असे. कमिशनरने मागितलेली रक्कम कशासाठी, गेल्या वर्षी त्याच बाबीवर काय झाले, हा खर्च शहराचा की सरकारने शहराच्या गळ्यात घातलेला, या प्रश्नांना उत्तर मिळाल्याखेरीज ते तरतूद पुढे सरकू देत नसत. त्याच वेळी आवश्यक कामाला पैसा देताना त्यांचा हात आखडत नसे. विहार आणि तुळशी या तलावांचे पाणी अपुरे पडू लागल्यावर तानसेचे मोठे काम शहराने कर्ज काढून केले आणि १८९२ मध्ये ते पाणी मुंबईला मिळू लागले. काटकसर म्हणजे कामे बंद ठेवणे असे फिरोजशहांना कधीच वाटले नाही.

त्यांच्या नागरी जीवनातील सर्वांत मोठी कामगिरी १८८८ च्या कायद्याची होय. लॉर्ड रे यांनी त्यांना १८८६ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळावर घेतले होते. सरकारने म्युनिसिपालिटीच्या कायद्याचा नवा मसुदा आणला तेव्हा त्यात कॉर्पोरेशनचे अधिकार आवळण्याकडे कल होता. फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघे त्या मसुद्याच्या कलमाकलमाशी झगडले. तेलंगांची कुशाग्र, सौम्य कायदेपंडिताची बुद्धी आणि फिरोजशहांचा सतरा वर्षांचा अनुभव यांच्या मिलाफाने मसुद्याचे रूप पालटले. सभासदसंख्या ७२ झाली : ३६ प्रभागांतील करदात्यांचे, १६ जस्टिसांचे, दोन विद्यापीठाच्या फेलोंचे, दोन व्यापारी मंडळाचे आणि १६ सरकारनियुक्त. टाउन कौन्सिलच्या जागी स्थायी समिती आली. पूर्वी टाउन कौन्सिलचा अध्यक्ष सरकार नेमी. स्थायी समितीला आपला अध्यक्ष आपण निवडण्याचा हक्क मिळाला.

या कायद्यातील अंदाजपत्रकाची रीत नीट समजून घेतली म्हणजे फिरोजशहांचा सतरा वर्षांपूर्वीचा निबंध डोळ्यांपुढे उभा राहतो. येत्या वर्षाच्या जमाखर्चाचे अंदाज कमिशनरने तयार करून स्थायी समितीपुढे ठेवावयाचे. समितीने ते तपासून, कमीजास्त करून अंदाजपत्रक सिद्ध करावयाचे. आणि मग ते संपूर्ण कॉर्पोरेशनपुढे येऊन तेथे त्याची चर्चा व्हावयाची. कोणता कर किती बसवावयाचा हे ठरविणारे कॉर्पोरेशनच. मंजूर तरतुदीबाहेर खर्च करण्याची कमिशनरला मोकळीक नाही. मात्र एकदा पैसा मंजूर झाला म्हणजे काम कसे करावयाचे यात सभासदांनी रोज हात घालावयाचा नाही. ती जबाबदारी कमिशनरची. मुंबईच्या महापालिकेचा हा कायदा पुढे पुष्कळ दुरुस्त्या सोसूनही टिकला, आणि आयुक्त, स्थायी समिती व महापालिका ही त्यातील त्रयी अन्य शहरांच्या कायद्यांनीही कमीअधिक प्रमाणात उचलली.

या पद्धतीत कमिशनरशी खटके उडणे अपरिहार्य होते. १८९० नंतरच्या पाच वर्षांत हॅरी ॲक्वर्थ हे त्या पदावर होते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासमवेत ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे ते हेच ॲक्वर्थ. असा विद्वान, कर्तबगार अधिकारी असला तरीही त्याच्या मागण्या तपासूनच मंजूर व्हावयाच्या, हा दंडक होता. माणूस चांगला आहे म्हणून त्याचा हिशेब पाहू नये, ही सवलत फिरोजशहांनी कोणासही दिली नाही.

याच सुमारास त्यांना एक विलक्षण विरोध अनुभवास आला. १८९२ च्या कौन्सिल ॲक्टानुसार मुंबई कॉर्पोरेशनने त्यांना प्रांतिक कायदेमंडळावर पाठविले आणि तेथून ते कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. तेथे साऱ्या हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती, परंतु मत देण्याचा अधिकार नव्हता. कितीही समर्पक टीका करा, त्यातील एक रुपयाही इकडचा तिकडे होत नसे. फिरोजशहांच्या परखड टीकेने अर्थमंत्री सर जेम्स वेस्टलँड बिथरले आणि मंडळात एक नवीच वृत्ती शिरल्याची तक्रार त्यांनी केली. ज्याला साम्राज्याच्या तिजोरीपुढे केवळ बोलता येत होते, त्याला आपल्या शहराच्या तिजोरीपुढे नाही म्हणता येत होते. म्युनिसिपालिटीच्या कामाला ते इतके का जपत, याचा उलगडा येथे होतो. प्रकृतीच्या कारणाने त्यांनी १९०१ मध्ये कलकत्त्याची जागा सोडली आणि तेथे गोपाळ कृष्ण गोखले गेले. १९०२ पासून गोखल्यांची अंदाजपत्रकावरील जी भाषणे गाजली, त्यांच्यामागे ही वाट आधी तुडविणाऱ्या फिरोजशहांची पूर्वतयारी होती.

शहराच्या पैशाविषयीचे त्यांचे झगडे मुख्यतः सरकारशीच झाले. पोलिसांवर हुकमत सरकारची, पण त्यांच्या खर्चाचा वाटा मात्र कॉर्पोरेशनने द्यावयाचा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. १९०७ च्या कायद्याने तो मिटला; पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार कॉर्पोरेशनकडे आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला तेव्हाही हाच प्रश्न उद्भवला. सरकारने स्वतंत्र प्लेग समिती नेमली. तिच्या खर्चाचा बोजा शहरावर पडला, पण तिची सूत्रे शहराच्या प्रतिनिधींकडे नव्हती. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला; त्यालाही कॉर्पोरेशनने पैसा पुरवावयाचा, परंतु विश्वस्तांत तिचे प्रतिनिधी अल्पसंख्य. ज्याचा पैसा त्याचा अधिकार, हे साधे तत्त्व फिरोजशहा प्रत्येक वेळी पुढे करीत आणि प्रत्येक वेळी त्यांना यश येई असेही नव्हते.

या एकछत्री प्रभावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फिरोजशहांचा स्वभाव अधिकार गाजविणारा होता. विरोधकाला ते उपहासाने गारद करीत, आणि कॉर्पोरेशनमध्ये त्यांच्या इच्छेबाहेर काही होत नाही अशी कुजबुज त्यांच्या चाहत्यांतही असे. ज्या करदात्यांच्या नावाने ते झगडत ते करदाते म्हणजे शहरातील थोडी मंडळी. गिरण्यांत राबणारा, चाळीच्या एका खोलीत दहा जणांसह राहणारा कामगार भाड्याच्या रूपाने घरपट्टीचा भार अप्रत्यक्षपणे सोशी, जकातीमुळे महागलेल्या वस्तू विकत घेई, पण त्याला मत नव्हते. अंदाजपत्रकाच्या चर्चेत त्याची बाजू मांडली गेलीच तर ती दुसऱ्याच्या मुखाने. फिरोजशहांची दृष्टी या मर्यादेपलीकडे फारशी गेली नाही. मताधिकाराचे क्षेत्र १९२२ मध्ये विस्तारले आणि प्रौढ मताधिकाराने महापालिकेची निवडणूक व्हावयास १९४८ साल उजाडावे लागले.

त्यांच्या प्रभावाला उघड आव्हान मिळाले ते १९०७ मध्ये. अकाउंटंट जनरल हॅरिसन आणि आणखी काही युरोपियन अधिकारी व पत्रकार यांनी मिळून त्यांना कॉर्पोरेशनबाहेर काढण्याचा बेत रचला. हा गट कॉकस या नावाने ओळखला गेला. फिरोजशहा जस्टिसांच्या मतदारसंघातून उभे होते. त्या सोळा जागांसाठी कॉकसने सोळा नावांची यादी फिरविली आणि सोळाही जण निवडून आले. फिरोजशहांचा क्रमांक लागला सतरावा. पस्तीस वर्षे ज्या सभागृहाला त्यांनी आकार दिला त्याचे दार त्यांच्या तोंडावर बंद झाले. शहरात खळबळ उडाली. सरकारी अधिकाऱ्यांनी निवडणुकीत घेतलेल्या या भागाचा निषेध करण्यासाठी माधवबागेत प्रचंड सभा भरली आणि गोखले तिचे अध्यक्ष झाले. पुढे घडले ते मोठे बोलके आहे. निवडून आलेल्या सोळांपैकी एका गृहस्थाचा कॉर्पोरेशनशी कंत्राटाचा संबंध असल्याचे निष्पन्न झाले. शहराशी पैशाचा व्यवहार असणाऱ्याने शहराच्या पैशावर मत देऊ नये, असा कायद्याचा दंडक. त्यानुसार त्यांची निवड रद्द ठरली आणि सतराव्या क्रमांकावरील फिरोजशहा सभागृहात परतले. ज्या कायद्याच्या कलमाकलमावर त्यांनी तेलंगांसमवेत श्रम घेतले होते, त्याच कायद्याने त्यांना त्यांची जागा मिळवून दिली.

उरलेल्या आठ वर्षांतही त्यांची उमेद खचली नाही. १९११ मध्ये स्वदेशी भांडवलावर सेंट्रल बँक ऑफ इंडिया निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे इंग्रजी दैनिक सुरू केले. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्यांची नेमणूक झाली. पण त्या वर्षाच्या आरंभी, फेब्रुवारीत, गोखले गेले आणि ५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहांनीही इहलोकीची यात्रा संपविली.

बोरीबंदर स्थानकासमोर १८९३ मध्ये पूर्ण झालेली महापालिकेची भव्य इमारत आहे. तिचा कोनशिला समारंभ लॉर्ड रिपन यांच्या हस्ते झाला तो १८८४ मध्ये, फिरोजशहांच्या अध्यक्षपदाच्या वर्षी. या इमारतीपुढे १९२३ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. अध्यक्षपदाचे नाव १९३१ मध्ये महापौर असे झाले, सभासदांची संख्या वाढली, लाखांचे आकडे कोटींत गेले. परंतु रीत तीच राहिली : आयुक्ताने मागावे, समितीने तपासावे, सभागृहाने मान्य करावे. त्या रीतीत प्राण किती राहतो हे मात्र कायद्यावर अवलंबून नसते. अंदाजपत्रकाचा जाडजूड ग्रंथ हाती पडल्यावर तो पहिल्या पानापासून वाचणारा एक तरी सभासद त्या सभागृहात असावा लागतो. मुंबईला असा सभासद चाळीस वर्षांहून अधिक काळ लाभला.